डुप्लिकेट ब्रेक, खोटी एअरबॅग, फुसकं हेल्मेट: तक्रार कुठे करायची आणि कशी

माझ्या टेबलावर आत्ता दोन डबे आहेत. दोन्हींवर एकाच कंपनीचं नाव, एकच पार्ट नंबर, आत मागच्या चाकाचे ब्रेक शू. एक अधिकृत डीलरकडून आणलेला. दुसरा गेल्या पावसाळ्यात एका गॅरेजात माझ्या स्कूटरला बसवलेला. या दुसऱ्याचा लायनर, म्हणजे घर्षणाचा थर, अडीच महिन्यांत लोखंडी शूवरून सुटला, ड्रममध्ये अडकला आणि चाक जाम झालं. गाडी वळणावर होती म्हणून वेग कमी होता, आणि मागे बस नव्हती. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "साहेब, कंपनीचाच टाकला होता की." ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. त्यांनाही तो 'कंपनीचाच' म्हणून विकला गेला असणार.

डबे शेजारी ठेवले की फरक दिसतो. खोट्या डब्यावरच्या छपाईत लाल रंग किंचित बाहेर सांडलाय, एमआरपीचा स्टिकर डब्याच्या जोडावर चिकटवलाय, आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय'च्या ओळीत गावाचं नाव आहे पण पिनकोड नाही. पण हे घरी, दिव्याखाली, दोन्ही समोर असताना. काउंटरवर गर्दीत उभं राहून कुणाला दिसणार?

त्यानंतर मी अर्ज लिहिले, कायद्यांची कलमं चाळली आणि चार कार्यालयांचे जिने चढलो. कायदे कमी नाहीत. घोळ असा की प्रत्येक कायद्याचं दार वेगळं आहे, आणि चुकीच्या दारावर गेलं की "हे आमच्याकडे येत नाही" एवढंच ऐकून परतावं लागतं. म्हणून आधी दार कुठलं ते ठरवू.

आधी ठरवा: नकली, बिनप्रमाणपत्र की सदोष?

बोलताना आपण सगळ्यालाच 'डुप्लिकेट' म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, नकली वस्तू. दुसऱ्याचं नाव, बोधचिन्ह, डबा चोरून विकलेली. माझा ब्रेक शू यातला. इथे फसवणूक दोघांची होते, तुमची आणि ज्याचं नाव वापरलं त्या कंपनीची.

दुसरी, बिनप्रमाणपत्र वस्तू. यात कुणाचं नाव चोरलेलं नसतं. रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांना मिळणारं हेल्मेट घ्या. त्यावर कुठल्यातरी अनोळखी कंपनीचं स्वतःचंच नाव असेल, पण ज्या मानकाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय ते विकताच येत नाही, ते प्रमाणपत्र नसतं.

तिसरी, सदोष वस्तू. कंपनी खरी, डबा खरा, बिल पक्कं, आणि तरी माल बिघडलेला. कारखान्यातच चूक झालेली.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'गाडीच्या कंपनीचा नाही' म्हणजे डुप्लिकेट नव्हे. गाडी बनवणारे बहुतेक भाग स्वतः बनवत नाहीत. ब्रेक, क्लच, दिवे वेगळे कारखाने पुरवतात, आणि तेच कारखाने तोच माल स्वतःच्या नावाच्या डब्यात, बरेचदा स्वस्तात, बाजारात विकतात. हे पूर्ण कायदेशीर आहे. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या दुकानदाराला विचारलंत तर तो स्वतःच सांगेल, कुठला माल कंपनीच्या डब्यातला, कुठला पुरवठादाराच्या डब्यातला आणि कुठला 'लोकल'. जो हे तीन भाव वेगवेगळे सांगतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. 'सगळं ओरिजनल' म्हणणाऱ्यावर कमी.

कुठल्या कायद्यात काय

मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात कलम १८२-अ आलं. केंद्र सरकारनं सुरक्षेच्या दृष्टीनं अत्यावश्यक म्हणून अधिसूचित केलेला सुटा भाग नियमांत बसत नसताना विकला, विकायला ठेवला किंवा विकू दिला, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दर भागामागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर भागामागे' हे शब्द विसरू नका. दुकानात असे पन्नास नग सापडले तर हिशेब पन्नासांचा. आणि 'अधिसूचित' हा शब्दही विसरू नका, कारण अधिकारी पहिला प्रश्न तोच विचारतो. कुठल्या भागाला कुठलं मानक लागू हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२४ खालच्या अधिसूचनांत असतं. सुरक्षेच्या सुट्या भागांना मंजुरी द्यायची पद्धत 'एआयएस-०३७' या मानकात आहे. चाचणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी तीन महाराष्ट्रातच आहेत: पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई.

दुसरा, भारतीय मानक ब्यूरोचा २०१६ चा कायदा. सरकार ज्या वस्तूंसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढतं त्या आयएसआय खुणेशिवाय बनवता, आणता किंवा विकता येत नाहीत. दुचाकीच्या हेल्मेटला १ जून २०२१ पासून ही सक्ती आहे, मानक आयएस ४१५१. टायर-ट्यूबचा आदेश २००९ चा. काचा आणि चाकांच्या रिम यांचे आदेश २०२० मध्ये निघाले. खोटी खूण लावली किंवा खुणेविना माल विकला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या खेपेला किमान २ लाख रुपये दंड, जो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. ब्यूरोचे अधिकारी स्वतः झडती घेऊन माल जप्त करतात. माझ्या मते सामान्य माणसासाठी सगळ्यात मोकळं दार हेच, कारण इथे 'तुमचं नुकसान किती झालं' हा प्रश्न येत नाही. खूण खोटी आहे, एवढं पुरतं.

तिसरा, ट्रेड मार्क कायदा १९९९. नकली नावानं माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आहे, पण झडती-जप्ती करायला पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाचा अधिकारी चालत नाही आणि आधी ट्रेड मार्क निबंधकाचं मत घ्यावं लागतं. त्यामुळे पोलीस पुष्कळदा कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ लावतात. डब्यावरचं चित्र, अक्षरांची मांडणी ही कलाकृती धरली जाते, आणि तिथे उपनिरीक्षकही जप्ती करू शकतो. बातम्यांत 'बनावट ऑइल, बनावट पार्ट जप्त, कॉपीराइट कायद्यान्वये गुन्हा' असं वाचून बुचकळ्यात पडला असाल तर कारण हे.

चौथा, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे परत आणि भरपाई मिळते ती इथून. याच कायद्याच्या कलम ९१ मध्ये बनावट माल बनवणाऱ्या-विकणाऱ्याला शिक्षाही आहे: त्या मालामुळे गंभीर दुखापत झाली तर सात वर्षांपर्यंत कैद, मृत्यू झाला तर किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान १० लाख रुपये दंड.

अर्ज लिहिण्यापूर्वी कलमाचा आजचा मजकूर सरकारच्या 'इंडिया कोड' संकेतस्थळावर एकदा वाचून घ्या. दंडाच्या रकमा मधूनमधून बदलतात, आणि जुना आकडा लिहिलेला अर्ज पाहून समोरचा वकील गालात हसतो.

विकत घेताना

हेल्मेटपासून सुरुवात करू. आयएसआयचं चिन्ह असतं, त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' नंतर परवाना क्रमांक. चिन्ह कुणीही छापू शकतं. म्हणून फोनवर मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' ॲप उघडा आणि परवाना तपासायच्या जागी तो क्रमांक टाका. चार गोष्टी निघू शकतात: क्रमांक अस्तित्वातच नाही, तो दुसऱ्याच वस्तूचा आहे (मी एकदा तपासलेला चक्क पाण्याच्या पाइपचा निघाला), परवाना संपलाय किंवा रद्द झालाय, किंवा सगळं जुळतंय. चौथं निघालं तरच पैसे द्या. दुकानदारासमोर हे करायला संकोच वाटतो, मला वाटतो, पण अर्धा मिनिट लागतो. मग आतला कापडी भाग बोटानं बाजूला सारून जाड, कडक थर्मोकोलचा थर आहे का बघा. नुसता स्पंज असेल तर ते डोक्याला घातलेलं प्लास्टिकचं घमेलं आहे.

टायरच्या कडेला आयएसआय खूण असते आणि चार आकड्यांचा कोड असतो. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. जुन्या टायरच्या बाजारात गुळगुळीत टायरला गरम पात्यानं नव्या खाचा मारून विकतात. ओळखायचं असं: खऱ्या टायरच्या खाचेच्या तळाशी मधे मधे छोटे रबरी उंचवटे असतात, झीज कुठवर आली ते दाखवणारे. मारलेल्या खाचेत ते गायब असतात किंवा कापलेले दिसतात. तो टायर लावून एक्स्प्रेसवेवर जाऊ नका.

ब्रेकच्या बाबतीत पार्ट नंबर गाडीच्या पुस्तिकेतून किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून लिहून घ्या, आणि दुकानात 'अमक्या गाडीचा ब्रेक पॅड द्या' म्हणण्याऐवजी नंबर सांगा. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उघडणारं संकेतस्थळ खरंच कंपनीचं आहे का ते पत्त्याच्या ओळीत पाहा. नकली डब्यावरचे कोड हुबेहूब दिसणाऱ्या पानावर नेऊन 'अभिनंदन, उत्पादन अस्सल आहे' असं सांगू शकतात. ब्रेक ऑइलची बाटली सीलबंदच घ्या. ते हवेतला ओलावा पितं, त्यामुळे गॅरेजात उघडी पडलेली अर्धी बाटली खऱ्या कंपनीची असूनही निकामी.

एअरबॅग तुम्ही सहसा सुटी विकत घेत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. अपघात झालेल्या गाडीची दुरुस्ती होते, फुटलेल्या एअरबॅगच्या जागी काहीतरी कोंबलं जातं आणि गाडी सेकंडहँड बाजारात येते. २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी माता सुंदरी रोडवरच्या एका ठिकाणाहून वेगवेगळ्या कार कंपन्यांच्या नावाच्या नऊशेहून जास्त बनावट एअरबॅग पकडल्या होत्या. त्या कुठल्या ना कुठल्या गाडीच्या स्टेअरिंगमध्ये जाणार होत्या. जुनी गाडी घेताना चावी फिरवून डॅशबोर्डकडे बघा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. सतत लागलेला असेल तर बिघाड. पण अजिबात लागलाच नाही तर जास्त सावध व्हा, कारण दिवा काढून टाकणं ही जुनी युक्ती आहे. दुसरी युक्ती एअरबॅगच्या जागी रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा छोटा तुकडा) जोडून संगणकाला फसवण्याची, तेव्हा दिवा नेहमीसारखाच विझतो. सौदा पक्का करण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून घ्या, आणि विमा कंपनीकडचा जुन्या दाव्यांचा तपशील मालकाला मागा.

ऊस वाहतूक करणाऱ्यांसाठी एक ओळ. ट्रॉलीच्या मागच्या परावर्तक पट्ट्यांना एआयएस-०९० हे मानक आहे. बाजारात मिळणारी नुसती चमकदार रंगीत टेप दिवसा तशीच दिसते, रात्री हेडलाइट पडला की मेलेली असते. घ्यायच्या आधी अंधाऱ्या खोलीत, कपाळाशी टॉर्च धरून, वीस पावलांवरून बघा.

आता बिल. "बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा लागेल" हे वाक्य ऐकलं की मी दोन-तीनशे रुपये जास्त मोजतो आणि पक्कं बिल घेतो. बिलावर पार्ट नंबर, कंपनीचं नाव आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. नुसतं 'ब्रेक सेट १' लिहिलेलं बिल पुढे फारसं कामाचं नसतं. दुकानाचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. बिल न देणं ही ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर ठरलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे छापील वाक्य म्हणजे दुकानाची वेलबुट्टी समजा.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि मूळ देश यांचा स्क्रीनशॉट खरेदीच्याच दिवशी काढा. तक्रार गेल्यावर ते पान नाहीसं होतं.

फसलो हे कळल्यावर

पहिल्या तासाभरात बहुतेकांची चूक एकच होते: रागानं दुकानात जाणं आणि तो भाग काउंटरवर आपटणं. दुकानदार शांतपणे म्हणतो, "ठेवा, कंपनीला पाठवतो." तुमचा एकमेव पुरावा गेला. भाग हातचा सोडू नका. गॅरेजात बदलून घेताना जुना भाग मागून घ्या, मिस्त्री तेलकट हातानं तो कोपऱ्यातल्या डब्यात टाकायच्या आत. गाडीवर असतानाच त्याचा फोटो काढा, नंबरप्लेट त्याच फोटोत येईल असा. काढतानाचा सलग व्हिडिओ घ्या. मग भाग, डबा, बिल एका पिशवीत घालून तारीख टाका. स्वतः घासून, कापून, जाळून तपासणी करू नका. पुढे प्रयोगशाळेत जायची वेळ आली तर समोरचा म्हणेल, छेडछाड झाली.

मग खरेपणाची खात्री. ज्या कंपनीचं नाव डब्यावर आहे तिच्या ग्राहक सेवेला ईमेल करा: सहाही बाजूंचे फोटो, बॅच नंबर, दुकानाचं बिल, आणि एकच प्रश्न, "हे उत्पादन आपलं आहे का, लेखी कळवावं." फोनवर बोलू नका. 'हे आमचं नाही' अशी एका ओळीची ईमेल आली की तुमची केस अर्धी उभी राहिली. शिवाय मोठ्या कंपन्यांकडे नकली मालाच्या मागावर राहणारी माणसं असतात, पोलिसांना घेऊन छापा तीच घालतात. ट्रेड मार्कची तक्रार तुम्हीही देऊ शकता, पण कंपनीचा माणूस सोबत असला की पोलीस ठाण्यातली खुर्ची लवकर मिळते.

आयएसआय खूण खोटी असेल किंवा हवी तिथे नसेल तर 'बीआयएस केअर' ॲपमधूनच तक्रार टाका. आरटीओकडे कलम १८२-अ खाली अर्ज द्यायचा तर दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला.

पैशांसाठी आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे आणि पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात. ऑनलाइन बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दुकानदाराला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. माझं प्रकरण या टप्प्यावर संपलं: दुकानातून फोन आला, भागाचे आणि मजुरीचे पैसे परत मिळाले. "जुना भाग आणून द्या," असा आग्रहही झाला. दिला नाही. तो टेबलावर आहे.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, दुकान दिल्लीचं असलं तरी. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येतं. मुदत दोन वर्षं. भागात दोष आहे की नाही हे तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग तो सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो, त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. रिक्षा-टॅक्सीवाल्यांना 'तुम्ही धंद्यासाठी घेतलं, ग्राहक नाही' असं सांगून घाबरवतात. स्वतः चालवून पोट भरत असाल तर तुम्ही ग्राहकच.

दुकानदाराचा ठरलेला बचाव असतो: "मी कुठे बनवलं? मी फक्त विकलं." याला ग्राहक कायद्याच्या कलम ८६ मध्ये उत्तर आहे. वस्तू बनवणारा कोण हे कळत नसेल, किंवा त्याला नोटीस पोचवता येत नसेल, तर उत्पादनाची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. नकली मालाचा कर्ता कधीच सापडत नाही, म्हणून हे कलम जणू त्याच्यासाठीच लिहिलंय. तेव्हा नोटिशीत स्वच्छ विचारा: "हा माल आपण कुणाकडून घेतला, त्याचं खरेदी बिल द्यावं." बिल दिलं तर साखळीतला पुढचा दुवा मिळतो. नाही दिलं तर जबाबदारी त्याच्यावरच राहते. गॅरेजवाल्याची जबाबदारी वेगळी, कलम ८५ खाली, सेवा देणारा म्हणून.

अपघात झाला असेल तर

माणसं सावरणं आधी, बाकी नंतर. पण घरातल्या एकानं डोकं थंड ठेवून ही कामं करावीत.

गाडी हलवायच्या आधी फोटो. पंचनाम्यात 'ब्रेक लागला नाही', 'एअरबॅग उघडली नाही', 'हेल्मेटचं कवच दुभंगलं' हे शब्द यायला हवेत. चालकाचा ताबा सुटला एवढंच लिहून घेऊ नका. गंभीर अपघातात मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो. तपासणीच्या आधी त्याला लेखी अर्ज द्या की अमुक भाग तारखेला बदलला होता, तो नकली किंवा सदोष असल्याचा संशय आहे, जप्त करून ठेवावा. गाडी विमा कंपनीच्या यार्डात गेली आणि मोडीत निघाली की सगळं संपतं. म्हणून यार्डालाही ईमेल: भाग जतन करा. कारच्या एअरबॅगच्या नियंत्रक पेटीत धडकेच्या क्षणाची नोंद राहिलेली असू शकते, ती पेटी कुणी 'रिसेट' करणार नाही हे पाहा.

फौजदारी तक्रारीत ग्राहक कायद्याच्या कलम ९१ चा आणि भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८ चा उल्लेख करा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची भरपाई वेगळी चालते, तिथे सहा महिन्यांच्या आत जाणं बरं. इथपासून पुढे मात्र वकील हवाच.

चूक कंपनीचीच असेल: रिकॉल

खरी गाडी, खरा भाग, आणि तरी दोष. जगातलं सर्वांत मोठं उदाहरण ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं. तिच्या फुगवणाऱ्या नळकांड्यात अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्ण-दमट हवेत राहून ते बिघडलं की स्फोट जास्त जोराचा होई आणि धातूचे तुकडे थेट चालकाच्या अंगावर येत. कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी 'उष्ण-दमट' हे शब्द पुन्हा वाचावेत.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नं सरकारला गाड्या परत बोलावण्याचा (रिकॉलचा) आदेश द्यायचा अधिकार मिळाला, आणि नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागू होतात. ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली की चौकशी सुरू होते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो भाग ज्या ज्या गाड्यांत आहे त्या सगळ्या, कंपनी कुठलीही असो, परत बोलावता येतात. आदेश मोडला तर १० लाख ते १ कोटी रुपये दंड. कंपनीनं दोष आपणहून जाहीर केला तर दंड नाही, म्हणून बहुतेक रिकॉल 'स्वेच्छेनं' होतात.

तुम्ही करायचं एवढंच: वर्षातून दोनदा कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का बघायचं. सेकंडहँड गाडीवाल्यांनी तर नक्कीच, कारण कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. दोष जाणवला तर 'वाहन' पोर्टलवरच्या रिकॉलच्या पानावर तक्रार नोंदवा. डीलरच्या जॉबकार्डवर दोष तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' लिहिलेल्या जॉबकार्डनं काही सिद्ध होत नाही. रिकॉलमधली दुरुस्ती फुकट असते, वॉरंटी संपलेली असली तरी.

आणि आपली बाजू

आपणही सगळे सोवळे नाही. सीट बेल्टचा आवाज बंद करणारी ती छोटी क्लिप आठवतेय? २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच मोठ्या ऑनलाइन बाजारांना ती काढायला लावली, १३ हजारांहून जास्त नोंदी उतरल्या. विकत घेणारे आपणच होतो. गाडीत परवानगी नसलेला फेरफार केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याहून महाग पडतं ते पुढे: वस्तूत फेरफार झाला होता हे दाखवता आलं की ग्राहक कायद्याच्या कलम ८७ खाली समोरचा जबाबदारीतून सुटू शकतो. फोडून वायर जोडलेला हेडलाइट, कापलेला बंपर, दुसरीच रिम, हे सगळं कोर्टात तुमच्याविरुद्ध बोलतं.

शेवटचं काम रिकाम्या डब्यांचं. नकली माल भरायला खऱ्या डब्याइतकं सोयीचं काही नाही. चांगल्या स्थितीतला रिकामा डबा, अख्खं होलोग्राम, न फाटलेलं लेबल यांना बाजारात भाव आहे. भागाची वॉरंटी संपेपर्यंत डबा जपून ठेवा, मग कात्रीनं होलोग्रामच्या मधोमध कापा आणि पार्ट नंबरवर मार्करनं काट मारा. ऑइलच्या बाटलीला खिळ्यानं भोक पाडा. गेल्या महिन्यात मी असे तुकडे रद्दीत दिले तर भंगारवाला हिरमुसला. म्हणाला, "काका, पुढच्या वेळी अख्खेच द्या की, डब्याचे वेगळे पैसे देतो."